एकाच गल्लीत तीन भाव

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "आम्ही डोंबिवली पूर्वेला स्वतःच्या वन बीएचकेत राहतो. मी लोअर परळला नोकरी करते, नवरा अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत. हे घर विकून आणि कर्ज काढून, सगळा खर्च धरून, दीड कोटीपर्यंत जाता येईल. चेंबूर, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली सगळं पाहून झालं. एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगांत स्क्वेअर फुटामागे आठ-दहा हजारांचा फरक सांगतात आणि एजंट धड कारण देत नाहीत. कुठल्या भागात घ्यावं? (सासऱ्यांची गिरगावात पागडीची खोली आहे, जुनी सेसची चाळ. तिथे ते आणि त्यांचा पुतण्या राहतात. ती आम्ही हिशोबात धरत नाही.)"

प्रश्नातला सगळ्यात महाग मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण आधीचं सगळं वाचल्याशिवाय तो पटणार नाही.

मी स्थापत्य अभियंता. बँका कर्ज देण्याआधी ज्याला घर बघायला पाठवतात, तो माणूस. सत्तावीस वर्षं टेप आणि फाइल घेऊन कुलाब्यापासून विरारपर्यंत आणि पनवेलपर्यंत हिंडतो आहे. एजंट तुम्हाला हॉलमधून दिसणारी झाडं दाखवतो, मला आधी जिन्याखालचे मीटर आणि मग फाइलमधलं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कोणाची आणि कुठल्या हक्काची याचा सरकारी उतारा, बघावं लागतं. त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल. पण तुमच्या 'एकाच रस्त्यावर फरक का' या प्रश्नाचं उत्तर झाडांत नाही, कार्डातच आहे.

चेंबूरला टिळकनगरच्या आसपास उभ्या राहा. एका बाजूला म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, जुन्या इमारतीच्या जागी झालेला टॉवर. जमीन म्हाडाची, सोसायटीकडे ती भाडेपट्ट्याने. थोडं पुढे खाजगी प्लॉटवरची सोसायटी, जमीन सोसायटीच्या स्वतःच्या नावावर. त्याच्यापलीकडे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली विक्रीची इमारत, जिच्या आवारातच पुनर्वसनाची इमारत उभी आहे. तिन्हीकडे तेच स्टेशन, तोच भाजीवाला, तीच शाळा. पण तीन वेगळ्या जमिनी, तीन वेगळे कायदे, आणि पुन्हा विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही तीन वेगळ्या थरांतलं. तुम्हाला सांगतात तो फरक बहुतेक वेळा इथला असतो. टाइल्सचा आणि लिफ्टचा फरक हजार-दीड हजाराच्या वर जात नाही.

मुंबईत 'या भागाचा भाव काय' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'कुठल्या जमिनीचा?'

दक्षिण मुंबईपासून सुरुवात करतो, कारण गाठ तिथेच बसली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने शहरातली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला भाड्यातून काही मिळेनासं झालं, मग त्याने खोली देताना एकरकमी पैसे घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. पन्नासेक वर्षं हा व्यवहार बेकायदा होता आणि सगळेजण करत होते. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कलम ५६ ने त्याला कायद्याची मान्यता मिळाली. आजही पागडीची खोली हस्तांतरित करताना मालकाचा वाटा द्यावा लागतो. ठरलेली टक्केवारी कायद्यात नाही. तिसरा हिस्सा हा बऱ्याच ठिकाणी रिवाज, बाकी घासाघीस. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या आर्ट डेको इमारती तुम्ही पाहिल्या असतील, २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांतल्याही कितीतरी घरांत मालक नव्हे, भाडेकरू राहतात आणि जुनंच भाडं भरतात. समोर अरबी समुद्र, आणि फ्लॅटवर बँक एक रुपयाचं गृहकर्ज देत नाही, कारण गहाण ठेवायला मालकी नाही. म्हणून पागडीचा भाव शेजारच्या ओनरशिपपेक्षा बराच खाली असतो. घेणाऱ्याला रोख पैसा लागतो, आणि असे घेणारे थोडे.

भाडं गोठलं की दुरुस्ती कोण करणार? म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, आणि 'सेस बिल्डिंग' हा शब्द मुंबईकराच्या तोंडी बसला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. गिरगाव, भुलेश्वर, परळ, लालबाग, माझगाव हा सगळा पट्टा त्यांनी भरलेला. बघायला गेलं तर टेकू लावलेल्या, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पण विकास नियमावलीतलं ३३(७) नावाचं कलम यांच्यासाठीच आहे. पुनर्विकासात प्रत्येक जुन्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं, घर मालकी हक्काने द्यावं लागतं, त्याची खोली १२० फुटांची असली तरी. हे वाक्य लक्षात ठेवा.

दादर-माटुंग्याची गोष्ट वेगळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने आखून-रेखून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याचीच देणगी. रुंद रस्ते, झाडं, कमी उंची. या जमिनींपैकी पुष्कळ आजही पालिकेच्या भाडेपट्ट्यावर. तरी भाव टिकून राहतो, कारण दादर हे दोन्ही रेल्वेमार्गांचं एकत्र स्टेशन आहे आणि पुरवठा कधीच फार नसतो. नव्या इमारतीत कार्पेटचा दर पन्नास हजारांच्या घरात गेला आहे. तुमच्या बजेटात तिथे जे मिळेल, त्याला घर म्हणायला जीभ अडखळेल.

लालबाग-परळ-लोअर परळ हा माझ्या डोळ्यांदेखत बदललेला भाग. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो खऱ्या अर्थाने कधी संपलाच नाही. गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या नियमावलीने मोकळ्या होऊ लागल्या आणि २००१ च्या दुरुस्तीने जो पालिकेला आणि म्हाडाला मिळायचा वाटा होता, तो आक्रसला. एक कबुली देतो. २००३-०४ च्या सुमाराला माझ्या मावसभावाने करी रोडजवळ घर घेऊ का म्हणून विचारलं. मी सांगितलं, 'भोंगे बंद झालेत, तिथे आता राहणार कोण?' तो ठाण्याला गेला. अजून लग्नकार्यात भेटला की फक्त हसतो.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पायथ्याशी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या, ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी. १९२० च्या दशकातल्या, खोल्या १६० फुटांच्या. वरळीला पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीत राहणारा माणूस आणि टॉवरमधला माणूस यांच्यामधलं अंतर पन्नास पावलांचं, पण बाजाराच्या भाषेत ती दोन वेगळी शहरं आहेत.

उपनगरांत पागडी विरळ होते आणि दुसरी भुतं भेटतात.

पहिलं, विमानतळाचं. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला आणि घाटकोपरचा काही भाग विमानं उतरण्याच्या पट्ट्यात येतो. तिथे इमारतीची उंची विमानतळ प्राधिकरण ठरवतं. विलेपार्ले पूर्वेला चार मजल्यांच्या, पन्नास वर्षं झालेल्या कितीतरी सोसायट्या अशा आहेत ज्यांना एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी, आहे पण आकाश नाही. बिल्डर येतो, हिशोब करतो, निघून जातो. अशा ठिकाणी 'रीडेव्हलपमेंट आलीच आहे' म्हणून कोणी जास्त भाव मागितला तर तो आशेचा भाव आहे. कांदिवली-मालाडच्या संरक्षण खात्याच्या डेपोलगतही हाच त्रास.

दुसरं, कलेक्टरची जमीन. सोसायटी चाळीस वर्षांची, छान रंगवलेली, सगळं नीट, आणि कार्डावर 'भोगवटादार वर्ग २'. म्हणजे फ्लॅट विकायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क. वर्ग १ करून घेता येतं, २०१९ च्या नियमांनी मार्ग ठेवला आहे, पण त्यासाठी सोसायटीने एकत्र येऊन पैसे भरावे लागतात. आणि एकत्र येणं हा आपल्या सोसायट्यांचा स्थायीभाव नव्हे.

तिसरं, गावठाणं आणि कोळीवाडे. वर्सोवा, खारदांडा, वरळी, माहीम. तिथली घरं वाडवडिलांची, विक्रीचे कागद अनेकदा साध्या स्टॅम्पपेपरवर. राहायला सुंदर, कर्जाला अवघड.

चौथं मला स्वतःला आवडणारं. चारकोप आणि गोराई. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे छोटे-छोटे प्लॉट पाडून दिले. पाणी, गटार, रस्ता सरकारचा, घर तुम्ही बांधा. पंचवीस-चाळीस चौरस मीटरच्या प्लॉटवरची ती रो-हाऊसं आता दोन-तीन मजली झाली आहेत. कारकून, शिक्षक, बेस्टचे कंडक्टर यांनी जिद्दीने उभी केलेली. कागदावर मात्र वरचा मजला अनेक ठिकाणी नसतो, आणि मी अहवालात फक्त मंजूर बांधकामच धरू शकतो. मालक मला जेवायला बसवतो आणि अहवाल वाचून शिव्या देतो.

पाचवं, म्हाडाच्या वसाहती. टिळकनगर, नेहरूनगर, पंतनगर, कन्नमवारनगर, मोतीलालनगर, डी. एन. नगर. मध्यमवर्गाला परवडेल असा मुंबईतला नवा साठा आज प्रामुख्याने यांच्या पुनर्विकासातून येतो, त्यामुळे दीड कोटीवाल्याने यांच्याकडे नाक मुरडू नये. फक्त भाडेपट्ट्याचं नूतनीकरण झालंय का, म्हाडाची ना-हरकत आहे का आणि थकबाकी किती हे तीन प्रश्न विचारायचे. हे सोडून लॉटरीच्या भरवशावर बसायचं असेल तर बसा, पण २०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत घरं २,०३० होती आणि अर्ज लाखाच्या वर.

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की महानगरपालिका बदलते, पाणी बदलतं, मुद्रांक शुल्कही बदलतं. मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के, ठाण्यात ७. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हापासून गाडीने जाणाऱ्याला नाक्याची धास्ती राहिली नाही. तुम्ही लोकलने जाणार, त्यामुळे तुमच्यासाठी त्याचं मोल शून्य. नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची, मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, हस्तांतरणाला सिडकोचं शुल्क. नियोजन चांगलं, पण गावठाण विस्ताराच्या नावाखाली उभ्या राहिलेल्या इमारती रस्त्यावरून अगदी सेक्टरमधल्यासारख्याच दिसतात. त्या स्वस्त का, याचं कारण पुन्हा जमीनच.

आता तुमच्या डोंबिवलीबद्दल बोलायला हवं, कारण तुम्ही तिथे विकणाऱ्या आहात. बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाची, नोंदणी मिळवली होती, आणि २०२४ च्या अखेरीला उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला प्रत्यक्ष पाडल्या गेल्या. त्यानंतर या पट्ट्यातल्या प्रत्येक फाइलकडे बँका दुर्बिणीतून बघतात. तुमच्या इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याची आणि राहायला परवानगी असल्याची पालिकेची ओसी, हातात आहे का? असेल तर तुम्हाला रास्त भाव मिळेल आणि लवकर मिळेल. नसेल तर घेणारा रोख पैशाचा शोधावा लागेल, तो दहा-पंधरा टक्के कापून मागेल. इथलं घर विकून किती येणार हे ठरल्याशिवाय तिकडे टोकन देऊ नका. ही चूक मी दर महिन्याला बघतो.

खरा भाव कसा काढायचा? वेबसाइटवर दिसतो तो मागणीचा भाव. झालेल्या व्यवहाराचा भाव नोंदणी विभागाकडे असतो. आयजीआर महाराष्ट्रच्या ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकलात की त्या इमारतीत कोणता फ्लॅट कधी कितीला गेला याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश, दिसतो. मागच्या दोन वर्षांतले पाच-सहा काढा. ज्या एजंटाने तुम्हाला 'मॅडम, इथे बत्तीसच्या खाली काही नाही' सांगितलं, त्याच बिल्डिंगमध्ये साडेसत्तावीस हजार रुपये फुटाची नोंद सापडते, असं अनेकदा होतं. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्काचा तळभाव, बाजारभाव नव्हे. पण मागितलेला दर त्याच्या दुप्पट असेल तर कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि कार्पेट. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा आहे, विक्री कार्पेटवरच करायची. तरी पुनर्विक्रीत अजून 'सेलेबल', म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ, चालतं. गेल्याच महिन्यात ५८५ फूट म्हणून विकायला काढलेला फ्लॅट माझ्या टेपमध्ये ४०२ भरला. मालक खोटं बोलत नव्हता, त्यालाही घेताना ५८५ च सांगितलं होतं. चाळीस मिनिटं लागतात, स्वतः मोजा. पार्किंग विकत देतो म्हणाले तर स्टिल्ट (इमारतीच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ते सांगितलं आहे. सोसायटीने 'डोनेशन' मागितलं तर हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे हे नम्रपणे कळवा. बहुतेक सेक्रेटरी त्यानंतर चहा मागवतात.

एक रकाना मात्र कुठल्याच कागदावर नसतो. कुठल्या सोसायटीत कोणाला घर देतात. सांताक्रूझ ते घाटकोपर ते मुलुंड, एजंट फोनवरच विचारतो, 'नॉनव्हेज खाता का?' मुसलमान नावाच्या माणसाचा फोन पुढे जातच नाही. २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा आपल्याकडे संताप झाला. आपल्या सोसायट्यांत इतरांना हेच होतं तेव्हा तो फारसा दिसत नाही. बाजाराच्या दृष्टीने एवढंच सांगतो, की अशी बंद सोसायटी विकताना गिऱ्हाईक कमी असतं, म्हणजे तुमच्याच घराची किंमत तुम्ही कमी करून ठेवता. जैन-गुजराती वस्तीच्या जवळ असलेल्या काही इमारतींत याच कारणाने भाव उलट चढलेलाही मी पाहिला आहे. शहराच्या कुठल्याही तक्त्यात हे सापडणार नाही.

मेट्रोचं थोडं. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला, दहिसर-अंधेरीचे दोन्ही मार्ग २०२२-२३ मध्ये, आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. मेट्रो येणार म्हटल्यावर भाव वाढतो, मेट्रो आल्यावर फारसा वाढत नाही, कारण तो आधीच घेतलेला असतो. जाहिरातीत 'प्रस्तावित मेट्रो'पासून तीन मिनिटं असं वाचलं की त्या तीन मिनिटांचे पैसे आजच मोजताय हे समजा. जी आज धावते आहे तिचेच पैसे द्या.

आता तुमचं गणित. दीड कोटी सगळं धरून म्हणता, म्हणजे घर साधारण १ कोटी ३७ लाखांचं. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ८ लाख २२ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटाची एक टक्का दलाली. उरलेल्या तीनेक लाखांत हलवाहलव आणि रंग. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सवलत, १ लाख ३७ हजार वाचतील. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. बांधकाम चालू असलेलं घेतलंत तर वर ५ टक्के जीएसटी, जवळजवळ सात लाख. ओसी मिळाल्यावर घेतलेल्या घराला तो नाही. त्यामुळे बांधकामाधीन घर लाखभर स्वस्त दाखवलं म्हणून हुरळू नका. जुनी बिल्डिंग, 'लवकरच रीडेव्हलपमेंट' या आशेने घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, समोरचा रस्ता किती रुंद आहे, आणि सभासदांच्या मानाने प्लॉट किती मोठा आहे. घाईची किंमत बघायची तर गोरेगावची पत्राचाळ आठवा: ६७२ कुटुंबं, पुनर्विकासाचा २००८ चा करार, आणि हक्काच्या घरासाठी डझनाहून अधिक वर्षांची वाट.

तुम्हा दोघांच्या नोकऱ्या बघता बोरिवली आणि चेंबूर मी खोडतो. बोरिवलीहून लोअर परळ थेट आहे, पण गर्दीच्या वेळची ती गाडी डोंबिवलीच्या बाईलाही नवी शिक्षा वाटेल. चेंबूरहून दोघांनाही बदलाबदली. मुलुंड चांगलं, पण सीप्झला जायला रस्त्यावरच्या वाहतुकीच्या मर्जीवर. उरतं घाटकोपर आणि विक्रोळी. घाटकोपरहून तुम्ही स्लो लोकलने करी रोड, तिथून लोअर परळ चालत. नवरा मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून पुढे. घाटकोपर पूर्वेला पंतनगरमध्ये किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरमध्ये, ओसी मिळालेल्या, म्हाडाचे कागद पूर्ण असलेल्या इमारतीत साडेचारशे फुटांच्या आसपासचं घर या पैशात बसावं. विक्रोळीत थोडं मोठं, घाटकोपरात थोडं लहान. माझ्या बहिणीला मी हेच सांगितलं असतं.

पण बहिणीला त्याआधी गिरगावबद्दल विचारलं असतं.

नकाशावर बघा. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू झालं आहे, आणि त्याच मार्गावर सीप्झ. नवऱ्याची एक गाडी, बदल नाही. तुम्हाला चर्नी रोडहून लोअर परळ, काही मिनिटांचं. मुंबईत तुम्हा दोघांच्या नोकऱ्यांना सगळ्यात सोयीचा पत्ता तुमच्या सासऱ्यांचा आहे. खोली आज दीड-दोनशे फुटांची असेल, त्यात संसार मावणार नाही, हे कबूल. पण इमारत सेसची आहे, म्हणजे पुनर्विकास झाला तर किमान ३०० फूट कार्पेट, मालकीचं, गिरगावात. ते कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही, दहा वर्षंही लागतील. म्हणून घाटकोपरचं घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की कोणी दलाल येऊन 'काका, मालकाचा वाटा देऊन हातात इतके उरतील' म्हणाला तर त्या पैशासाठी ती सोडू नका.

आणि यात एक मेख आहे, ती कोणत्याही घरापेक्षा तातडीची. भाडेकरू वारला तर भाडेकरूचा हक्क पहिल्यांदा जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे. असं कोणी नसेल तरच वारसाकडे. मृत्युपत्राने हा हक्क कोणाला देता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तुम्ही डोंबिवलीत, पुतण्या गिरगावात. पुतण्याचा काही डाव आहे असं मी सुचवत नाही; तो म्हाताऱ्या काकांजवळ राहतो आहे, आणि कदाचित तोच खरा हक्कदार ठरेल, न्यायाच्या दृष्टीनेही. पण हे घरात बसून, सासऱ्यांच्या हयातीत, त्यांच्याच तोंडून ठरलेलं बरं. मालकाची संमती घेऊन पावतीवर नाव चढवून घेण्याचा मार्ग असतो, त्याचे पैसे पडतात, आणि तो मार्ग सासरे सही करू शकतात तोवरच सोपा आहे.

या रविवारी घाटकोपरला साइट बघायला जायच्या ऐवजी गिरगावला जा. भाड्याच्या पावत्या बहुधा कपाटात नसतील, पत्र्याच्या डब्यात किंवा देव्हाऱ्याच्या खणात असतील. शेवटची पावती कोणत्या सालची, कोणाच्या नावाची आणि मालक अजून भाडं स्वीकारतो की नाही, एवढं पाहून मला कळवा. विजेचं बिल आणि रेशनकार्डावरची नावंही बघून ठेवा.